उघाडीला जाग येईना

दर सोमवारी दुपारी बारा वाजता आम्ही उघाडीला झोपवायचो आणि लगेच परत उठवायचो. हा नियम माझ्या सुनेने, दर्शनाने घालून दिलेला. पावसाळ्यात कधी वीज जाईल, कधी तार तुटेल, याचा नेम नाही. तेव्हा यंत्र किती वेळात उठतं ते आठवड्यातून एकदा पाहून ठेवायचं.

उघाडी म्हणजे आमच्या खारबांधातली दारं. बांधाच्या बाहेर खाडी, आत भाताची शेतं. ओहोटीला दारं उघडून शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरती वळली की ती मिटून घ्यायची, म्हणजे खारं पाणी आत येत नाही. माझ्या सासऱ्यांच्या वेळी लाकडी फळ्या होत्या, पाण्याच्या दाबाने आपोआप लागायच्या. मग समुद्र वीतभर वर आला, फळ्या पुरेनात, आणि सरकारने लोखंडी दारं आणि मोटारी बसवल्या. दारांजवळच्या खोपीत एक डबा ठेवला, तो मोटारींना हुकूम सोडायचा. राखणदार म्हणून आधी माझा नवरा होता. त्याच्यामागे गावकीने ते काम मला दिलं.

खाऱ्या हवेने तो डबा दोन वर्षांत गंजला. दुसरा आणला, तोही गंजला. दर्शना दारं-मोटारींच्या त्याच सरकारी योजनेत कंत्राटावर इंजिनीयर. ती म्हणाली, डबा खोपीत ठेवायचाच कशाला? गेल्या पौषात तिने उघाडीचं यंत्र इथून हलवून जिल्ह्याच्या ठिकाणी एका मोठ्या संगणकात नेलं.

"म्हणजे डबा तिकडे ठेवलास?" मी विचारलं होतं.

"डबा नाहीच आई. मोठ्या संगणकाच्या पोटात एक वेगळं यंत्र असल्यासारखं सोंग उभं करायचं. त्याला वाटतं आपल्याला स्वतःची डिस्क आहे, स्वतःची मेमरी आहे. खरं तर ते सगळं मोठ्या संगणकाचं. याला आभासी यंत्र म्हणतात."

"अंग नाही आणि काम करतं?"

"अंग नाही म्हणूनच गंजत नाही."

मला ते पटलं. सोळा गावांच्या उघाड्या तशाच हलवायच्या होत्या, आमची पहिली. पौष, माघ, फाल्गुन, दर सोमवारी मी खोपीतल्या घड्याळाकडे बघत बसायची. लाल दिवा म्हणजे यंत्र झोपलेलं, हिरवा म्हणजे जागं. दीड मिनिटात हिरवा व्हायचा. चैत्रापासून मात्र बिघडलं. एका सोमवारी नऊ मिनिटं लागली, पुढच्या सोमवारी चौदा. एकदा, वाऱ्याचा फार जोर होता तेव्हा, तीन मिनिटांत उठलं, आणि दर्शनाला वाटलं सुटलो. पुढच्या सोमवारी अठरा.

ज्येष्ठात व्हायचं ते झालं. वीज कडाडली, तार तुटली. अशा वेळी मोटारी बॅटरीवर जातात, निरोप बिनतारी वाटेने येतात, आणि त्यासाठी यंत्र एकदा बंद होऊन नव्याने उठतं. तेवीस मिनिटं लागली. दारं उघडी होती आणि भरती वळली होती. हाताने फिरवायचं चाक आहे, पण त्याला चार माणसं आणि अर्धा तास लागतो. मी एकटी चाकाला लोंबकळत होते आणि माझ्या पायाखालून खाडी शेतात शिरत होती. खालच्या पट्ट्यातली रोपं आठ दिवसांत पिवळी पडली.

धर्मा भोईरची दोन खाचरं त्यात गेली. तो भर गावकीत म्हणाला, "चांगुणाकाकी, तुजी सून मोठी शिकलेली हाय ना? मग यंत्राला उठवायला कोंबडा ठेव म्हणावं!"

लोक हसले. दर्शना हसली नाही. ती मान खाली घालून बसली होती.

योजनेचे मोठे साहेब सबनीस. त्यांनी फोनवर सांगितलं, "गुरुवारी मी येतोय. रविवारी अवस आहे, आषाढाचं उधाण. त्याआधी मला कारण पाहिजे. नाहीतर ही बदलाची चूक म्हणून नोंद होईल, आणि मॅडम, तुमचं कंत्राट तिथेच थांबेल."

कंत्राट थांबलं तर दर्शनाला काम शोधायला शहरात जावं लागणार होतं. माझा मुलगा जहाजावर, वर्षातले नऊ महिने बाहेर. घरात आम्ही दोघीच. ती लग्न होऊन आली त्या पावसाळ्यात मी सत्तावन्न वर्षांची होते आणि अंगठा लावायची. खोपीत बसून पाटीवर तिने मला अक्षरं शिकवली. मी पेपरचं पहिलं पान वाचलं त्या दिवशी ती साऱ्या आळीत सांगत फिरली, "आमच्या आई पेपर वाचतात!"

ती गेली तर मी पेपर कुणाला वाचून दाखवणार?

तिने शोध सुरू केला. यंत्र उठताना काय काय करतं त्याची एक यादी ते स्वतःच लिहून ठेवतं, प्रत्येक ओळीपुढे किती सेकंद लागले तेही. ती यादी पडद्यावर लावून ती मला मोठ्याने वाचून दाखवायची. मला कळतं म्हणून नव्हे, तिला कुणाला तरी सांगितल्याशिवाय विचार करता येत नाही म्हणून.

"डिस्क तपासली, चार सेकंद. मेमरी, एक. घड्याळ जुळवलं, दोन. जाळ्याशी जोडलं, तीन. आणि मग ही ओळ बघा. मोटारींशी जोडणी सुरू होत आहे. इथे वीस मिनिटं."

"मग मोटारीत दोष असेल."

"मलाही तेच वाटलं."

तिने मोटारींची तार बदलली. काही फरक नाही. मोठ्या संगणकात आमच्या यंत्राला जास्त जागा दिली, जास्त मेमरी दिली. काही फरक नाही. दुसऱ्या एका रिकाम्या संगणकावर नेऊन पाहिलं. तिथेही तेच. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं.

त्या सोमवारी बारा वाजता आम्ही परत यंत्र झोपवून उठवलं. लाल दिवा तसाच. खाडी अगदी निवांत होती, पाण्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. तेवढ्यात गावातला मासेमार काशिनाथ त्याची मोठी होडी घेऊन बांधाला लागून भरधाव गेला. नेहमीच जातो, मी नेहमीच ओरडते. होडीच्या लाटा येऊन दारांवर आपटल्या, आणि दिवा हिरवा झाला.

काशिनाथ लांबून ओरडला, "काय गो काकी, आज शिव्या नाय?"

"अरे, तू गेलास आणि यंत्र उठलं!"

"मग पगार मला द्या!"

दर्शनाने ते हसण्यावारी नेलं नाही. ती दिव्याकडे बघत राहिली. "परत झोपवूया," ती म्हणाली. मग तिने काशिनाथला फोन केला आणि सांगितलं, माघारी फीर, तसाच जवळून जा, आणि सात-आठ वेळा ये-जा कर.

या वेळी पाच मिनिटांत उठलं.

बुधवारी दुपारी जेवताना तिने मला उलगडून सांगितलं. तिचा भात ताटात तसाच होता.

"आई, मला आता अर्धं कळलंय. यंत्र उठलं की मोटारींशी बोलायला दर वेळी नवी चावी तयार करतं. पूर्वी असं नव्हतं. लांबच्या एका किनाऱ्यावर कुणीतरी चावीचा अंदाज बांधला आणि ऐन भरतीत दारं उघडली, तेव्हापासून हा नियम आला. चावी अशी पाहिजे की जगात कुणालाही तिचा अंदाज येता कामा नये."

"मग करावी की तशी."

"तीच तर अडचण. यंत्राला सांगितलेलंच करता येतं. त्याच्या मनात काही आपोआप येत नाही. त्याने स्वतः काढलेला आकडा दुसऱ्या यंत्रालाही काढता येतो. म्हणून बेभरवशाचे आकडे बाहेरच्या जगातून उचलावे लागतात. जुन्या डब्याला अंग होतं. कुणी बटणं दाबायचं, पंखा थोडा मागेपुढे फिरायचा, उन्हाने डबा तापायचा. त्यातून त्याला हवे तेवढे आकडे मिळायचे. आभासी यंत्राला यातलं काहीच नाही. म्हणून मी त्याला खाडीशी जोडलं."

"खाडीशी?"

"पाण्याची उंची मोजायची ती नळी आहे ना आपल्या दारांपाशी, तिच्यात तरंगणाऱ्या फ्लोटशी. पडद्यावर चार आकडे येतात बघा दशांशाच्या पुढे. पहिले दोन पाण्याची उंची सांगतात. शेवटचे दोन म्हणजे निव्वळ थरथर. वारा, लाट, मासा, बगळा. सेकंदाला दहादा बदलतात. पुढचा आकडा काय येईल ते कुणालाच सांगता येणार नाही. मी त्यातून चावी बनवली. पौषात दीड मिनिट पुरायचं." तिने हात कपाळाला लावला. "आणि आता ते आकडे हलतच नाहीत. यंत्र मोजून घेतं, पुरेसा बेभरवसा जमला का. जमेपर्यंत उठत नाही. लाट आली की थोडं मिळतं, म्हणून काशिनाथची होडी. पण खाडी एकाएकी शांत कशी झाली? तीन तास नळीपाशी बसले, बाहेर पाणी हलतंय, आत नाही. म्हणजे मी निवडलेली जागाच चुकली असणार. साहेब म्हणतात ते बरोबर, चूक माझ्याच बदलात आहे."

मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसले होते.

खाडी का शांत झाली ते मला माहीत होतं. ती मीच शांत केली होती.

नियम असा आहे की यंत्र कितीही नोंदी ठेवो, माणसाने रोज दोन भरत्यांना पडदा बघून वहीत उंची लिहायची. म्हणजे माणसाने खरोखर पाहिलं याची खात्री. वहीत दशांशापुढे चार घरं आखलेली, पडद्यावर चार आकडे म्हणून. मी आकडे वाचते, पण सावकाश. बोट ठेवून वाचते. पहिला वाचला, दुसरा वाचला, तिसऱ्यावर येईपर्यंत चौथा पळालेला. चौथा धरावा तर तिसरा बदललेला. मी लिहायची, खोडायची, परत लिहायची. चैत्रात वही तपासायला आलेल्या माणसाने सगळ्यांदेखत पान फडकवलं. "आजी, ही खाडाखोड कसली? आकडे येत नसतील तर तसं सांगा, दुसरं कुणी ठेवू."

दर्शना त्या दिवशी नव्हती. तिला मी काही सांगितलं नाही. जिने आळीभर सांगितलं की आमच्या आई वाचतात, तिला काय सांगायचं, की हलणारे आकडे मला वाचता येत नाहीत?

दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी पायऱ्या उतरून चिखलात गेले. नळीला खालून भोकं आहेत, त्यातून पाणी आत येतं. मी घरून काथ्या नेला होता, भिजवून पिळलेला, तो भोकांत गच्च भरला. भरती-ओहोटीचं पाणी त्यातून झिरपून येई, पण लाटेचा धक्का आत पोचत नसे. माठाच्या तोंडाला फडकं बांधावं तसंच मला वाटलं. त्यात चुकीचं काही केलं असं मनातही आलं नाही. पडद्यावरचे आकडे उभे राहिले. मी चारही घरं सुंदर भरली. तेव्हापासूनची पानं बघितली तर वाटेल, या बाईचं शिक्षण एका दिवसात पुढे गेलं. मलाही तसं वाटायला लागलं होतं.

जेवणं झाल्यावर दर्शना साहेबांसाठी टिपण लिहायला बसली. मी म्हटलं, जरा खोपीकडे जाऊन येते. चार वाजता ओहोटी पुरती लागली होती. मी चिखलात उतरले, बोटांनी सगळा काथ्या उपसून काढला आणि ओच्यात बांधला. वर येऊन पडदा बघितला. शेवटचे दोन आकडे पुन्हा नाचत होते. मला हायसं वाटलं. उद्या यंत्र दीड मिनिटात उठेल, साहेब खूश होतील, दर्शना राहील, आणि कुणाला काही कळायचं कारण नाही. असा हिशोब करून मी घरी आले.

गुरुवारी अकरा वाजता सबनीस साहेब आले. खोपीपुढे अर्धा गाव जमला होता, धर्मा भोईर सगळ्यांत पुढे. दर्शनाने यंत्र झोपवलं, उठवलं. लाल दिवा लागला. कुणीतरी मोठ्याने सेकंद मोजत होतं.

ऐंशीला हिरवा झाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दर्शना मात्र घाबरल्यासारखी दिसली. तिने परत झोपवून उठवलं. अठ्ठ्याऐंशी.

साहेब म्हणाले, "वा. काय केलंत?"

"काही नाही सर."

"म्हणजे?"

"मी काल दुपारपासून काहीच बदललेलं नाही. आज का उठलं ते मला माहीत नाही."

तिला सहज काहीतरी सांगता आलं असतं. जागा वाढवली, मेमरी वाढवली, कुणाला कळणार होतं? पण ती तशी नाही.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता. "मॅडम, जे आपोआप बरं होतं ते आपोआप बिघडतं. रविवारी उधाण आहे. पाण्याची भिंत येणार, आणि मी या गावाला काय सांगू, की उठलं तर उठेल? मला कारण पाहिजे होतं. कारण नसेल तर मला हा बदल चुकलेलाच धरावा लागेल. बाकीच्या पंधरा गावांचं काम थांबवतो. तुमचा कागद उद्या पाठवतो."

"हो सर," दर्शना म्हणाली.

मी रात्रभर काथ्याची ती पुरचुंडी उशाशी ठेवली होती आणि सकाळी का कोण जाणे पुन्हा ओच्यात बांधून आणली होती. मी पुढे झाले आणि ती साहेबांपुढच्या टेबलावर सोडली. ओला काथ्या, चिखल, त्यात एक लहानसा खेकडा होता, तो टेबलावरून चालायला लागला.

"हे कारण," मी म्हणाले.

सगळं सांगितलं. नळी, भोकं, चैत्र, काल दुपारी चिखलात उतरले ते. का भरला तेही सांगितलं. वही उघडून खाडाखोडीचं शेवटचं पान दाखवलं आणि त्याच्या पुढचं सुबक पान दाखवलं.

धर्मा भोईर उठून उभा राहिला. "म्हणजे माजी रोपं तुज्या काथ्याने मेली, काकी?"

"हो रे बाबा."

त्याने माझ्या हातातली वही ओढून पान पाहिलं. शिव्या देईल असं वाटलं. "मला तरी कुठे वाचता येतात ते आकडे," तो शेवटी म्हणाला. "पर रोपं तू लावून द्यायचीस. कंबर मोडेस्तोवर."

"लावीन."

साहेबांनी काथ्या बोटांत धरून पाहिला. त्यांना अजून शंका होती. दुपारी ओहोटी लागल्यावर दर्शनाने त्यांना खाली नेलं, काथ्या परत भोकांत भरला आणि यंत्र उठवायला लावलं. वीस मिनिटं सगळा गाव लाल दिव्याकडे बघत उभा राहिला. मग काथ्या काढला. चौऱ्याऐंशी सेकंद. साहेबांनी ते स्वतःच्या हाताने लिहून घेतलं, खाली सही केली, आणि दर्शनाचा कागद पाठवायचं काही बोलले नाहीत. जाताना म्हणाले, "बाकीच्या पंधरा गावांत नळ्या आधी बघून घ्या. चांगुणाबाई एकट्याच नसतील."

पुढे कळलं, तिघांनी काहीबाही भरलं होतं. एकाने तर जुनं पायताण.

घरी येईपर्यंत दर्शना माझ्यापुढे चार पावलं चालत राहिली. मी चूल पेटवली. तिने पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "काथ्याचं मला काही नाही आई. तुम्हाला कसं माहीत असणार? पण काल मी तुमच्या समोर बसून म्हटलं, चूक माझीच आहे. तुम्ही ऐकून घेतलंत."

"घेतलं."

"एवढंच सांगायचं होतं की आकडे पळतात."

"तू आळीभर सांगितलं होतंस ना, मला वाचता येतं म्हणून."

तिला रडू येतंय की राग, मला चुलीच्या धुरात दिसलं नाही. मग म्हणाली, "ते शेवटचे दोन आकडे मलाही वाचता येत नाहीत. कुणालाच येत नाहीत. म्हणून तर ते घेतले मी. वहीत ती घरं कुणी आखली देव जाणे. ते माणसाने वाचायचे आकडेच नाहीत."

मी ज्या आकड्यांसाठी चार महिने लाजत होते, त्यांचा सारा उपयोगच हा होता की ते कुणाच्या हाती लागत नाहीत.

शुक्रवारी आणि शनिवारी मी धर्माच्या खाचरात होते. गोडं पाणी भरून, सोडून, परत भरून मीठ धुवायचं आणि मग वरच्या पट्ट्यातली उरलेली रोपं आणून लावायची. किती जगतील ते सांगता येत नाही. कंबर खरंच मोडली. धर्माची बायको दोनदा चहा घेऊन आली, धर्मा एकदाही आला नाही.

रविवारी सकाळपासून पाऊस कोसळत होता. साडेबाराला भरती पुरी व्हायची होती. दहा वाजता वीज गेली आणि तार तुटली. दारं पाणी सोडायला अजून उघडीच होती. शेतात कमरेइतकं पाणी होतं. खाडी वळून वर चढत होती, गढूळ, फेसाळलेली. लाल दिवा लागला. खोपीत मी आणि दर्शना. बाहेर चाकाशी धर्मा, काशिनाथ आणि आणखी दोघे तयार उभे. दर्शनाने माझा हात धरला. गुरुवारनंतर पहिल्यांदाच.

नळीत पाणी पिसाळल्यासारखं उसळत होतं.

एकावन्न सेकंदांत दिवा हिरवा झाला. मोटारी घरघरल्या, दारं खाली आली. बाहेर लाट येऊन लोखंडावर आदळली आणि फुटून मागे गेली. बांधावरून काशिनाथचा आवाज आला, "काकी, आज माजी होडी नाय लागली!"

भरती पुरी झाली तेव्हा मी वही उघडली. पडद्यावर बोट ठेवलं. पहिला आकडा वाचला, दशांशाचं टिंब दिलं, मग पुढचे दोन. तिसऱ्या आणि चौथ्या घरावर माझा हात थांबला.

"काय लिहू इथे?" मी दर्शनाला विचारलं.

तिने वाकून पडदा पाहिला. आकडे असे धावत होते की नुसती चमक दिसत होती.

"दिसतंय तेच लिहा," ती म्हणाली.

मी दोन्ही घरांतून एक लाट काढली.